सतरा नंबरच्या पिनेची भानगड

सांगावं की सांगू नये, असं चार दिवस चाललं होतं माझं. पण माझ्या पोटात काही राहील तर शपथ! आमच्या सोसायटीत एक पिन आहे. चौथ्या मजल्यावरचे काका तिला 'अकरा' म्हणतात, माझा भाचा 'सतरा' म्हणतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअरसाहेब तिला चक्क 'शून्य' म्हणतात. तीन घरं, तीन नावं, आणि ही बया तिघांनाही ओ देते! आता बोला.

तळमजल्यावरच्या आजींना वाटलं, केसांतली पिन. "एका पिनेवरून एवढं रामायण?" म्हणाल्या. नाही हो आजी. ही पिन रास्पबेरी पाय नावाच्या बोर्डावरची. पत्त्याच्या पानाएवढा हिरवा बोर्ड, त्याच्या एका कडेला दोन ओळींत उभ्या चाळीस पिना. हा म्हणे अख्खा कॉम्प्युटर. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, अंगावर साधा डबासुद्धा नाही; उघडाबोडका टेबलावर बसलेला. त्याच्या पिनांना वायरी जोडायच्या आणि प्रोग्रॅम लिहून पलीकडचा दिवा लावायचा, मोटर फिरवायची, घंटा वाजवायची. बास, एवढंच. आणि एवढ्यासाठी सहा महिन्यांत आमची बिल्डिंग खुळावली आहे. पूर्वी रिटायर झालेली माणसं पत्रिका जुळवायची, आता वायरी जुळवतात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर चहाच्या गाळण्याशेजारी सोल्डर गन असते. काकू काही बोलत नाहीत. त्यांची कमाल आहे.

आमच्या घरात हे शिरलं ते 'लायब्ररी'च्या नावाखाली. भाचा माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करतो. रात्री कधीही विचारा, "काय करतोस रे?" तर उत्तर ठरलेलं, "लायब्ररी बघतोय, मावशी." मी भोळी. बहिणीला फोन करून सांगितलं, पोरगं मार्गी लागलं, वाचनाची गोडी लागली. मग एक दिवस तो म्हणाला, "लायब्ररी इम्पोर्ट केली, आता सगळं सोपं." मी विचारलं, "परदेशातून? ड्युटी किती पडली?" मेला खोखो हसत सुटला. लायब्ररी म्हणजे म्हणे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. फुकट असतो. आपण त्याला फक्त हाक मारायची आणि काम सांगायचं. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! मग हे आधी नाही का सांगायचं? बहिणीला मी काय काय सांगून बसले होते.

पुस्तकं आणायला म्हणून हा अप्पा बळवंत चौकात जायचा, आणि तिथून हाकेच्या अंतरावर तापकीर गल्लीत वळायचा. एकदा मी बरोबर गेले. चांगल्या घरातला मुलगा, भर दुकानात, बायामाणसं उभी असताना मोठ्यांदा म्हणतो, "काका, वीस मेल-फीमेल द्या आणि दहा फीमेल-फीमेल." मी दगडूशेठच्या दिशेनं हात जोडले. दुकानदारानं मान वर न करता रंगीत वायरींची जुडी काढून दिली. वायरीच्या टोकाला टाचणी असली की मेल, भोक असलं की फीमेल. जंपर वायर म्हणतात त्यांना. ज्यात त्या खुपसायच्या तो ब्रेडबोर्ड, आणि त्यात ब्रेडचा तुकडासुद्धा नसतो. घरी येईपर्यंत मी अवाक्षर काढलं नाही.

रागावण्याआधी मात्र विचारून घेतलं, की बाबा, ही लायब्ररी नसती तर तुझं काय अडलं असतं? त्यानं चिपचा कागद उघडून दाखवला, आणि खरं सांगते, डोळे पांढरे झाले. सतरा नंबरच्या पिनेनं बोलायचं की ऐकायचं, हे ठरवायला दुसऱ्या रजिस्टरमधले, म्हणजे चिपच्या आतल्या हुकमांच्या कप्प्यातले, २१ ते २३ हे तीन बिट शोधायचे आणि त्यांत शून्य-शून्य-एक लिहायचं. मग दिवा लावायचं रजिस्टर वेगळं आणि विझवायचं त्याहून वेगळं. बरं, ही रजिस्टरं राहतात कुठं? रेशनकार्डावर एक पत्ता आणि राहायला भलतीकडेच, असला प्रकार. पहिल्या पायच्या चिपच्या कागदात पत्ता सात-ई पासून सुरू होतो, प्रत्यक्षात मुक्काम वीसवर. पाय २ आला, मुक्काम हलला तीन-एफवर. पाय ४ आला, पुन्हा हलला एफ-ईवर. एवढी बिऱ्हाडं तर बदलीच्या नोकरीतला तहसीलदारही बदलत नाही!

या सगळ्यावर लायब्ररी पदर घालते. भाच्याची लायब्ररी जीपीआयओ झिरो नावाची, २०१५ सालची. तिच्याकडून एलईडी मागवायचा, हा सतरावर आहे असं सांगायचं आणि 'एलईडी डॉट ऑन' म्हणायचं. तीन ओळी, की दिवा लागला. 'डॉट ब्लिंक' म्हटलं की डोळा मिचकावतो. हो, डोळा. आमच्या हॉलमध्ये. मी तिथंच बसलेले असताना.

आता या लायब्रऱ्यांचं खानदान बघा. सोयरीक करण्याआधी बघावं लागतं. उत्तर इटलीत इव्रिया नावाचं गाव आहे. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत २००३ साली एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्यानं 'वायरिंग' नावाचं काम सुरू केलं. चित्रकार, नाटकवाले, ज्यांना रजिस्टर म्हणजे हजेरीचं एवढंच ठाऊक, त्यांनाही बोर्डावरचा दिवा लावता यावा म्हणून. 'पिन मोड' आणि 'डिजिटल राइट' ही सोपी सोपी हुकमी नावं त्याच घरातली. २००५ मध्ये त्याच गावात आर्डुइनो जन्मला आणि वायरिंगचा वारसा घेऊन जगभर गाजला. आणि आर्डुइनो हे नाव कुणाचं? गावातल्या एका बारचं! मंडळी तिथं बसायची म्हणे. तो बार इसवी सन १००२ मध्ये राज्यावर बसलेल्या राजा आर्दुइनच्या नावाचा, म्हणून थोडी इभ्रत राहिली. पण गुत्त्याचं नाव ते गुत्त्याचंच, आणि आज शाळाशाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आपली पोरं तेच नाव घेऊन बोर्ड मागतात. पुढं त्या घरात भाऊबंदकीही झाली. एकाच नावाच्या दोन कंपन्या, नाव कुणाचं यावर कोर्टबाजी, २०१५ मध्ये एका भावानं अमेरिकेबाहेर 'जेन्युइनो' असं दुसरं नाव लावलं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात समेट. आपल्याकडचे मिठाईवाले 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावतात, तेच.

रास्पबेरी पायचं घराणं त्यापेक्षा सभ्य. केंब्रिजचं. मुलांना प्रोग्रॅमिंग यावं म्हणून एबेन अप्टन आणि मंडळींनी केलेला बोर्ड, २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. खर्चाला आवरलेलं कुटुंब दिसतंय. पण औदार्य बघा, नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर पाय झिरो हा अख्खा कॉम्प्युटर फुकट चिकटवून दिला. आपल्या दिवाळी अंकाबरोबर फार तर उटण्याची पुडी येते.

आता मूळ भानगडीकडे येते. तीन नावं का? तर सोपं आहे. बोर्डावरच्या पिना मोजत गेलं की जो आकडा येतो तो घर नंबर. एका ओळीत विषम, दुसऱ्या ओळीत सम, आपल्या पुण्यातल्या पी वन-पी टू पार्किंगसारखं. त्या हिशेबानं ती अकरा. काका हाच धरतात. पण आत चिपनं प्रत्येक पिनेला स्वतःचं नाव ठेवलेलं, ते माहेरचं नाव, सतरा. भाच्याची लायब्ररी त्याच नावानं हाक मारते. आणि तिसरी एक जुनी लायब्ररी, वायरिंगपाय. ती म्हणाली, चिप बदलेल, बोर्ड बदलेल, म्हणून आम्ही आमचेच नंबर लावणार. तिनं शून्यापासून मोजायला सुरुवात केली आणि नेमकी हीच पहिली धरली. इंजिनिअरसाहेब सी भाषेतले, त्यांची निष्ठा तिथं. आणि वायरिंगपायचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं बरं का. पाय बाजारात आला त्याच वर्षी बोर्डाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तेराव्या घरात राहणारी एकवीस जाऊन तिथं सत्तावीस राहायला आली. शेजाऱ्यांना न सांगता!

आता म्हणाल, नावात काय आहे? तर ऐका. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या मांडवात सगळे जमलेले. पुण्यात हलत्या देखाव्यांची परंपरा मोठी. यंदा ठरलं होतं की आपला देखावाही हलणार, आणि तो बोर्ड हलवणार. भाचा लॅपटॉपवर, काका वायर हातात घेऊन. भाच्यानं सांगितलं, "काका, सतरावर लावा." काकांनी चष्मा सरसावला, विषम ओळीतल्या पिना मोजल्या, एक, तीन, पाच, सात... सतरा. वायर लावली. आणि दिवा लागला! टाळ्यांचा कडकडाट. सेक्रेटरीसाहेबांनी शिट्टी मारली. भाच्याचा चेहरा मात्र पडलेला. "काका, मी प्रोग्रॅम अजून चालूच केला नाहीये."

मग त्यानं चालू केला. 'ब्लिंक' म्हणाला. दिवा डोळा मिचकावेना. 'ऑफ' म्हणाला. दिवा ढिम्म. लॅपटॉप बंद केला तरी दिवा आपला जळतोय. आजी म्हणाल्या, "अखंड ज्योत आहे, विझवू नका." शेवटी उलगडा झाला तो असा की, माहेरच्या नावानं जी सतरा ती अकराव्या घरात राहते, आणि सतराव्या घरात राहते ती मुळी हुकूम ऐकणारी पिनच नाही. तिथं ३.३ व्होल्टचा सरकारी पुरवठा, चोवीस तास चालू. इंजिनिअरसाहेब हातांची घडी घालून एवढंच म्हणाले, "मी आधीच शून्य म्हणत होतो." त्यावर जे झालं ते मी लिहीत नाही. शेजारधर्म आहे.

दुसऱ्या दिवशी आरती. लाइटच्या माळा रिलेवर टाकलेल्या. रिले म्हणजे पिनेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडणारा-तोडणारा डबीएवढा खटका. मोठ्या विजेकडची जोडणी वायरमनकडून करून घेतलेली, तेवढी अक्कल शिल्लक होती. आरतीला सगळे उभे राहिले, भाच्यानं 'ऑन' म्हटलं, खट् असा आवाज आला आणि मांडवात काळोख! मोबाइलच्या उजेडात आरती झाली. आरती संपली, त्यानं हिरमुसून 'ऑफ' म्हटलं, आणि माळा लखलखल्या. बाजारातले बरेच रिले म्हणे असे उलट्या काळजाचे असतात. पिनेवर व्होल्टेज आलं की सोडतात, गेलं की धरतात. लायब्ररीला हे सांगायची सोय आहे, एक शब्द लिहायचा असतो. पण कुणी सांगितलंच नाही, मग तिनं काय करावं? सून म्हणाली 'हो' आणि सासूनं ऐकलं 'नाही', असला संसार.

देखाव्यातला उंदीरमामा. त्याच्या मानेत बोटाएवढी सर्व्हो मोटर. लोक पुढं आले की मामानं अदबीनं मान लववायची, असा बेत. पण मामा उभ्या जागी थडथडायला लागला. हिवताप आल्यासारखा! पोरं म्हणाली, मोदकांच्या काळजीनं कापतोय. या मोटरला सेकंदाला पन्नासदा, एक ते दोन मिलिसेकंदांचा ठोका हवा असतो; ठोका किती लांबीचा त्यावर मान किती वळायची ते ठरतं. आणि पाय पडला कॉम्प्युटर, त्याला हजार कामं. ठोका देता देता मधेच दुसरीकडे बघतो, ठोका केसभर लांबतो, मान हलते. काकांच्या लायब्ररीनं, आरपीआय डॉट जीपीआयओनं, तर आपल्या माहितीतच लिहून ठेवलंय की वेळेच्या काटेकोर कामाला मी चालणार नाही, कारण पायथॉन भाषा मधेच कचरा गोळा करायला घेते आणि ती कधी घेईल याचा नेम नाही. अगदी आमच्या बाई! ऐन पाहुणे आले की केर काढायला घेतात. शेवटी ठोक्याचं काम पिगपिओ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीकडे दिलं. तिचं नाव डुकरावरून नाही हो, पाय-जीपीआयओ असं आहे ते. ती ठोके प्रोसेसरच्या भरवशावर न ठेवता हार्डवेअरकडून मोजून घेते. मामाचा ताप उतरला.

आणि मोदक! मोदकांवरून तर आमच्याकडे चौकशी समिती बसायची वेळ आली होती. काकूंनी एकवीस मोदक ठेवले. मोदक उचलला की बटण दाबायचं, आकडा पाटीवर. एकवीस मोदक संपले तेव्हा पाटीवर चौतीस. तेरा मोदक आले कुठून? की बटण दाबून दाबून कुणी टिंगल केली? पहिल्या मजल्यावरच्या जुळ्या पोरांवर संशय गेला, त्यांना समज देऊन झाली. निष्पाप होती बिचारी. बटणाच्या आतली पत्ती दाबली की एकदाच टेकत नाही, टाकलेल्या चेंडूसारखी काही मिलिसेकंद टप्पे खाते, आणि बोर्डाला प्रत्येक टप्पा म्हणजे नवा मोदक. पहिल्या टप्प्यानंतर क्षणभर कान झाकून घे, असं लायब्ररीला सांगता येतं. आपण होऊन ती झाकत नाही. पोरांना नंतर दोन-दोन मोदक जास्त दिले.

काकांच्या घरी त्याच आठवड्यात बेल आपोआप वाजायची. रात्री दोनला सुद्धा. काकू म्हणाल्या, जुन्या घरमालकांचा आत्मा. आत्मा कसला, पिन लोंबकळत होती. ऐकायला बसवलेल्या पिनेला कुठंच टेकवलं नाही की तिचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं. हात जवळ नेला तरी मत बदलते. तिला आतून एका मोठ्या रेझिस्टरनं ३.३ व्होल्टकडे बांधून ठेवावं लागतं, म्हणजे बटण दाबेपर्यंत ती जागची हलत नाही. भाच्याची लायब्ररी बटणासाठी हे न सांगता करते, काकांची सांगितल्याशिवाय करत नाही. यावरून दोघांत आठ दिवस अबोला होता.

पण खरा कळस टाकीचा. गच्चीवरची टाकी दीड मीटर खोल. काकांनी झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. तो आवाज सोडतो, पाण्यावरून परत आला की वेळ मोजतो, वेळेवरून अंतर. आधी त्यात दोन पिना बळी गेल्या, कारण सेन्सर उत्तर देतो पाच व्होल्टमध्ये आणि पायच्या पिना सोसतात ३.३. मधे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज दोन-तृतीयांश करावं लागतं, ते काकांना दुसरी पिन गेल्यावर पटलं. मग यंत्रणा सुरू झाली. लिफ्टशेजारी पाटी: 'टाकीत पाणी अर्धा मीटर.' सेक्रेटरीसाहेब निर्धास्त, पंप बंद. आणि सकाळी साडेसात वाजता बिल्डिंगभर नळ गुरगुरले. साबण लावून उभी असलेली माणसं. पाटी तरी म्हणतेय, अर्धा मीटर!

या वेळी काकांनी सेन्सर भाच्याच्या लायब्ररीवर टाकला होता, समेटाची खूण म्हणून. आणि तिचा स्वभाव आदबशीर. दुसरं काही सांगितलं नाही तर ती एक मीटरच्या पलीकडे बघतच नाही. पाणी झाकणापासून एक मीटर खाली गेलं, सव्वा मीटर गेलं, टाकी कोरडी पडली, बाई आपली म्हणतेय, एक मीटर. दीडातून एक वजा, उरला अर्धा. गणित बरोबर, टाकी रिकामी. माहितीपुस्तकात हे स्वच्छ लिहिलंय. ते कुणी वाचलं नव्हतं. लायब्ररीत चोवीस तास, आणि वाचन शून्य!

आमचंच असं होतं असं समजू नका. थोरामोठ्यांच्या घरीही अब्रू गेली आहे. २०१५ मध्ये पाय २ निघाला आणि कळलं की झेनॉन फ्लॅश मारून फोटो काढला की हा बोर्ड जागीच मूर्च्छित पडतो. त्याची एक पॉवरची चिप उघडी होती, तिला प्रकाश सहन होत नव्हता. एवढी लाजाळू वस्तू आणि फिरते उघडीबोडकी! त्याहून मोठं प्रकरण नासाचं. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नेटवर्कला कुणीतरी परवानगी न घेता एक पाय जोडून ठेवला होता. २०१८ मध्ये उघडकीला आलं की चोर त्यातूनच शिरला, दहाएक महिने कुणाला पत्ता नव्हता, आणि सुमारे ५०० एमबी माल गेला. जिथं मंगळावरची गाडी चालवतात तिथं! आमची टाकी त्यापुढं काहीच नाही.

आणि ताजी खबर. काकांनी हौसेनं पाय ५ घेतला. जुना प्रोग्रॅम टाकला, आणि सगळं ठप्प. झालं काय, तर या २०२३ च्या बोर्डात पिनांचा कारभार मुख्य चिपकडून काढून आरपी १ नावाच्या वेगळ्या चिपकडे दिलाय. काकांची लायब्ररी इतकी वर्षं मागच्या दारानं थेट चिपच्या पत्त्यावर जाऊन रजिस्टरं हलवायची. आता त्या पत्त्यावर ती चिपच राहत नाही, हिनं दार ठोठावलं कुणाचं? लिनक्सनं, म्हणजे पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं, राजरोस पुढचं दार केव्हाच बांधून दिलंय, भाच्याची लायब्ररी तिथून जाते, म्हणून ती तगली. काकांसाठी तोडगा निघाला तो फारच ऐतिहासिक. आरपीआय-एलजीपीआयओ नावाची एक लायब्ररी आहे, ती जुनीचंच नाव लावते, तिच्यासारखंच बोलते, आणि आतून पुढच्या दारानं जाते. चक्क तोतया! पण पानिपतानंतरच्या तोतयासारखा लबाड नाही, आपण तोतया आहोत हे स्वतःच सांगतो. अट एकच, खरी आणि तोतया एका घरात नांदत नाहीत. आधी खरीला बाहेर काढावं लागतं. इंजिनिअरसाहेब हे ऐकून प्रसन्न हसले. मग मी हळूच आठवण करून दिली की त्यांच्या वायरिंगपायच्या कर्त्यानं तर २०१९ मध्येच हात जोडून 'आता बास' म्हटलं होतं, पुढं इतरांनी ती सांभाळली. हसू मावळलं.

एवढं सगळं मला कसं माहीत, असं आजींनी परवा विचारलं. त्यांची नजर तीक्ष्ण. माझ्या बाल्कनीत तुळशीजवळ रोज सातला एक दिवा लागतो, तो त्यांनी खालून हेरलाय. तेव्हा कबूल करते. भाचा परीक्षेला गेला होता, बोर्ड टेबलावर पडला होता, मी नुसता हात लावला. सगळ्यांच्या फजित्या बघून एक गोष्ट डोक्यात बसली होती: लायब्ररी नवऱ्यासारखी नाही, सांगितलं तेवढं नक्की करते. घोळ होतो तो आपण जे सांगायचं राहून जातं त्याचा. म्हणून मी आधी माहितीपुस्तक वाचलं, चहा घेत, दोनदा. मग तीन ओळी लिहिल्या. दिवा लागला तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. तीन रुपयांचा दिवा, आणि साठ हजारांच्या फोननं कधी एवढा आनंद दिला नव्हता.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर सांगते, पण माझं नाव घेऊ नका. एलईडीची लांब टांग ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून अकरा नंबरच्या पिनेला, आखूड टांग नऊ नंबरच्या ग्राउंडला. वायरी लावताना बोर्डाची वीज बंद. आणि प्रोग्रॅममध्ये अकरा नाही, सतरा लिहा.